ग्रीडी क्रमिकेची पदं जुळत नाहीत? चुकलेलं पद मोठं आलंय की लहान, ते आधी पाहा

तक्रार दर वेळी साधारण सारखीच असते. भौमितिक अट पाळणारी क्रमिका ग्रीडी पद्धतीने (म्हणजे प्रत्येक टप्प्यावर चालेल ती सर्वांत लहान संख्या लगेच घेत) काढायचा प्रोग्रॅम लिहिला, पहिली पाच-सात पदं प्रसिद्ध यादीशी जुळली आणि पुढे कुठेतरी फाटा फुटला. कधी उलटं होतं: दिसतील तेवढी पदं जुळली म्हणून प्रोग्रॅम बरोबर समजला गेला, आणि बऱ्याच पुढे दोन अंतरं सारखी निघाली. कधी प्रोग्रॅम तिसऱ्या-चौथ्या पदावरच घिरट्या घालत बसतो. मग सगळा कोड पुन्हा वाचला जातो, वर्गमुळावर संशय घेतला जातो, आणि दोष भलतीकडेच असतो.

कोड वाचायच्या आधी करायची एक गोष्ट आहे. ती केली की संशयितांची यादी निम्मी होते.

उदाहरणाची क्रमिका

स्थानं न = ०, १, २, … अशी. प्रत्येक स्थानावर एक पूर्णांक अ(न), शून्य किंवा धन. (न, अ(न)) हा प्रतलावरचा बिंदू. अट अशी की बिंदूंच्या कोणत्याही दोन वेगळ्या जोड्यांमधलं अंतर सारखं नको. प्रत्येक स्थानावर, पुढचा काहीही विचार न करता, अट मोडणार नाही अशी सर्वांत लहान संख्या घ्यायची. क्रमिका अशी सुरू होते:

०, ०, १, ४, ८, १३, ६, १८, २४

ही नऊ पदं कागदावर काढता येतात, आणि एकदा काढावीतच. अंतराऐवजी अंतराचा वर्ग घ्यायचा, म्हणजे सगळा व्यवहार पूर्णांकांत राहतो. पहिल्या तीन बिंदूंनी १, २ आणि ५ हे वर्ग वापरले. चौथ्या जागी ० ठेवलं तर (२, १) पासूनचा वर्ग २ येतो, तो गेलेला. १ ठेवलं तर १ येतो, २ ठेवलं तर पुन्हा २, ३ ठेवलं तर ५. ४ ठेवल्यावर मात्र १०, २० आणि २५ असे तीन कोरे वर्ग मिळतात. म्हणून चौथं पद ४.

पहिला फरक कुठे, आणि कोणत्या बाजूला

आपली यादी आणि बरोबर यादी शेजारी ठेवायची आणि पहिला फरक शोधायचा. त्यापुढच्या पदांकडे पाहायचंच नाही. ग्रीडी क्रमिकेत प्रत्येक पद आधीच्या सगळ्या पदांवर उभं असतं, त्यामुळे एकदा वाट चुकली की पुढचे आकडे काहीच सांगत नाहीत. ते पुढे योगायोगाने जुळले तरी नाही.

पहिल्या फरकाच्या जागी मात्र दोन्ही याद्यांचा इतिहास एकच असतो. तिथे बरोबर पद म्हणजे चालणाऱ्या संख्यांपैकी सर्वांत लहान. तेव्हा आपलं पद त्याहून मोठं असेल, तर प्रोग्रॅमने चालणारी संख्या नाकारली. तो गरजेपेक्षा कडक आहे. आपलं पद लहान असेल, तर न चालणारी संख्या त्याने स्वीकारली. तो ढिला आहे. कडक प्रोग्रॅमच्या चुका आणि ढिल्या प्रोग्रॅमच्या चुका या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि एका जातीची चूक दुसऱ्या जातीत शोधण्यातच बहुतेक वेळ जातो.

पद मोठं आलं तर

सर्वांत जास्त आढळणारा दोष बाद उमेदवारांच्या उरलेल्या खुणांचा. प्रोग्रॅम उमेदवार क घेतो, मागच्या बिंदूंपासून एकेक अंतर काढतो, ते वापरलेल्यांच्या संचात नसेल तर लगेच संचात टाकतो आणि पुढच्या बिंदूकडे वळतो. तिसऱ्या बिंदूशी टक्कर झाली की उमेदवार बाद होतो. पण पहिल्या दोन बिंदूंची अंतरं संचात तशीच राहतात. पुढच्या उमेदवारांना ती अंतरं विनाकारण बंद होतात.

हा दोष ओळखायला सोपा आहे. अंतरं शेवटच्या बिंदूपासून मागे तपासत गेलात, तर पाचव्या पदाशी ० हा उमेदवार आधी १७ हा वर्ग संचात टाकतो आणि मग ५ वर आपटून बाद होतो. खरं उत्तर ८. त्याचं पहिलंच अंतर नेमकं १७. ते आता वापरलेलं दिसतं, म्हणून ८ नाकारला जातो आणि ९ येतो. यादी दिसते ०, ०, १, ४, ९. इथे माणूस फसतो, कारण पूर्ण वर्ग दिसले की आपण काहीतरी सुंदर शोधलं असं वाटतं. पुढचं पद १६ येत नाही, १९ येतं. उपाय एका ओळीचा: नवी अंतरं तात्पुरत्या यादीत साठवायची, उमेदवार पूर्ण उत्तीर्ण झाला तरच ती मुख्य संचात ओतायची.

दुसरा दोष शोध कुठून सुरू करायचा याचा. वरच्या क्रमिकेत १३ नंतर ६ आहे. शोध ० ऐवजी मागच्या पदापासून सुरू करणारा प्रोग्रॅम ६ कडे कधी पाहतच नाही. तो १३ पासून निघतो आणि १९ वर थांबतो: ०, ०, १, ४, ८, १३, १९. सातव्या पदाशी १९ दिसलं की दुसरं काही तपासायची गरज नाही. याचाच चुलतभाऊ म्हणजे ‘एकदा बाद झालेली संख्या कायमची बाद’ असं धरणारा प्रोग्रॅम. ६ ही संख्या पाचव्या आणि सहाव्या पदाशी बाद झाली होती, सातव्या पदाशी तीच उत्तर ठरली. स्थान बदललं की आडवं अंतर बदलतं, आणि त्याबरोबर सगळा हिशेब. प्रत्येक स्थानावर शोध ० पासूनच.

हा दोष येतो कुठून, ते पाहण्यासारखं आहे. बहुतेकांनी ग्रीडी क्रमिकेचा पहिला प्रोग्रॅम सरळ रेषेवरच्या क्रमिकेसाठी लिहिलेला असतो. अब्दुल मजीद मियाँ आणि सर्वदमन चावला यांनी १९४४ मध्ये मांडलेली क्रमिका त्यातली सर्वांत प्रसिद्ध: १, २, ४, ८, १३, २१, ३१, ४५, ६६, ८१, ९७, … कोणत्याही दोन पदांमधला फरक दुसऱ्या जोडीच्या फरकाइतका नाही. तिथे बिंदू एकाच रेषेवर असतात, संच महत्त्वाचा असतो, क्रम नाही. म्हणून पदं वाढतच जातात आणि शोध मागच्या पदापुढून सुरू करणं अगदी रास्त असतं. तो कोड उचलून प्रतलावर आणला की ही सवलत संपते. याच कोडमध्ये दुसरी एक सवलतही लपलेली आहे. ती पुढे ढिल्या बाजूला सापडेल.

तिसरं कारण दोष नाही, जादा अट आहे. ‘पदंही एकमेकांपेक्षा वेगळी हवीत’ असं कुणी सांगितलेलं नसतं. पण वापरलेल्या संख्यांचा संच ठेवायची सवय असते आणि तो आपोआप ठेवला जातो. मग दुसरं पद ० ऐवजी १ येतं, आणि पुढे जे घडतं ते खरोखर गमतीचं आहे:

०, १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६

नऊच्या नऊ त्रिकोणी संख्या. या टप्प्यावर सूत्र सापडल्याचा आनंद होतो आणि प्रोग्रॅम बाजूला ठेवून सूत्रच वापरायचा मोह होतो. दहावं पद ४५ असायला हवं. ते १८ आहे. तपासून पाहा: (९, १८) पासून आधीच्या नऊ बिंदूंपर्यंतचे वर्ग, (८, ३६) पासून मागे जात, अनुक्रमे ३२५, १०४, १८, २५, ८९, १८०, २७४, ३५३ आणि ४०५. यातला एकही आधीच्या छत्तीस वर्गांत नाही, आणि आपसातही सगळे वेगळे. १८ पेक्षा लहान असलेल्या न वापरलेल्या सगळ्या संख्या कुठे ना कुठे आपटतात. उदाहरणार्थ १७ चा (७, २८) पासूनचा वर्ग १२५ येतो, आणि तो (४, १०) व (६, २१) या जोडीने आधीच घेतलेला आहे. आता या जादा अटीच्या जोडीला शोध मागच्या पदापुढून सुरू करायचा दोषही असेल, तर प्रोग्रॅम निमूटपणे ४५ देतो. दोन गोष्टी मिळून एक देखणा नमुना पुढे चालू ठेवतात, आणि देखण्या नमुन्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

चौथं, सहनशीलता. वर्गमूळ काढून ‘फरक ०.००१ पेक्षा कमी असेल तर समान समजा’ असं लिहिलेलं असतं. लागोपाठच्या दोन पूर्णांकांच्या वर्गमुळांतला फरक साधारण ‘एक भागिले वर्गमुळाची दुप्पट’ इतका असतो. म्हणजे अंतर ५०० च्या पुढे गेलं की खरोखर वेगळी अंतरंही प्रोग्रॅमला समान दिसू लागतात. सुरुवातीची पदं लहान असतात, म्हणून सगळं नीट चालल्यासारखं दिसतं आणि दोष उशिरा उगवतो. ३२ बिटांची दशांश संख्या (फ्लोट) वापरली तरी तसंच होतं: अंतर २०४८ ओलांडलं की दोन लागोपाठच्या वर्गांची वर्गमुळं एकाच मूल्यावर बसायला लागतात. ६४ बिटांत मात्र वर्गमुळावर उगाच आळ येतो. तिथे वर्गमूळ मांडता येणाऱ्या सर्वांत जवळच्या मूल्यावर आणून मिळतं, समान वर्गांचं वर्गमूळ समानच येतं, आणि वेगळ्या वर्गांचं २ च्या ५० व्या घातापर्यंत वेगळंच राहतं. दोष वर्गमुळाचा नसतो, ‘सुरक्षितते’साठी घातलेल्या सहनशीलतेचा असतो. दोन्ही काढून टाका आणि वर्गच साठवा.

वर्ग साठवताना ओसंडण्याकडे लक्ष हवं. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावतं, म्हणजे उभा फरक ४६,३४० ओलांडला की वर्ग बाहेर सांडतो. नम्पाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या २.० च्या आधीच्या आवृत्त्यांत विंडोजवर पूर्णांकाचा मूळ प्रकार ३२ बिटांचाच होता, त्यामुळे एकच कोड दोन यंत्रांवर दोन याद्या देतो असा अनुभव येई. पायथनच्या स्वतःच्या पूर्णांकांना हा त्रास नाही. संख्या ओसंडून गुंडाळली जात असेल तर समान अंतरं समानच राहतात, फक्त काही वेगळी अंतरं खोटी समान होतात. म्हणजे हा दोषही कडक बाजूचा. सी भाषेत मात्र चिन्हांकित पूर्णांक ओसंडल्यावर काय होईल याची हमी भाषा देत नाही, तेव्हा तिथे बाजूवरून अंदाज बांधू नका.

पद लहान आलं तर

इथे संशयित कमी आहेत, पण त्यातला पहिला फार लबाड आहे.

नवा बिंदू आला की त्याची जुन्या बिंदूंपासूनची अंतरं जुन्या संचाशी ताडून पाहिली जातात. ती आपसात ताडून पाहायचं मात्र राहून जातं. नवा बिंदू दोन जुन्या बिंदूंपासून समान अंतरावर असेल, समद्विभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू असेल, तर ते अंतर जुन्या संचात नसूनही अट मोडते. मियाँ-चावला क्रमिकेच्या कोडमधली दुसरी सवलत ती हीच: रेषेवर सर्वांत उजवीकडे नवा बिंदू ठेवला की त्याची डावीकडच्या बिंदूंपासूनची अंतरं आपोआप वेगळी असतात. तिथे ही तपासणी लिहायची गरजच नसते, म्हणून कोडमध्ये ती नसते, आणि प्रतलावर आणताना कुणाला आठवत नाही.

लबाड अशासाठी की हा दोष पहिल्या नऊ पदांत दिसतच नाही. ०, ०, १, ४, ८, १३, ६, १८, २४ काढताना बाद झालेला प्रत्येक उमेदवार जुन्या संचावरच आपटतो. फक्त आपसातल्या टकरीने बाद होणारा एकही नाही. ती तपासणी गाळलेला प्रोग्रॅम आणि ठेवलेला प्रोग्रॅम नऊ पदांपर्यंत तंतोतंत एकच यादी देतात. ‘पहिली नऊ जुळली’ हा इथे पुरावा नाही.

म्हणून वेगळी चाचणी हवी. सुरुवात ०, ३ अशी सक्तीने द्या आणि तिसरं पद विचारा. बिंदू (०, ०) आणि (१, ३), वापरलेला वर्ग फक्त १०. उमेदवार ० ला (१, ३) पासून १० मिळतो, बाद. उमेदवार १ ला दोन्ही बिंदूंपासून ५ मिळतो. जुन्या संचात ५ नाही, पण दोन अंतरं सारखी, म्हणून हाही बाद. उमेदवार २ ला २ आणि ८ मिळतात, चालेल. बरोबर उत्तर २. प्रोग्रॅमने १ म्हटलं तर दोष सापडला. ही चाचणी कायमची ठेवून द्यावी, पुढे कोड वेगवान करताना हीच तपासणी पुन्हा गळून पडते.

दुसरा संशयित म्हणजे दोन बाजूंवरून कर्ण काढणारं तयार ‘हायपॉट’ फंक्शन. त्याचं उत्तर शेवटच्या बिटापर्यंत अचूक असेलच अशी सर्वत्र हमी नसते. १ व ८ या बाजू आणि ४ व ७ या बाजू, दोन्हींचा वर्ग ६५. अशा जोड्यांची उत्तरं शेवटच्या बिटात वेगळी पडली तर प्रोग्रॅम समान अंतरांना वेगळं समजेल. औषध तेच, वर्ग साठवा.

तिसरं म्हणजे अटच सौम्य लिहिली गेली. हे इतकं होतं की त्याला स्वतंत्र जागा द्यावी लागते.

अट नक्की कोणती?

भौमितिक वेगळेपणाच्या अटी बोलताना एकसारख्या वाटतात आणि क्रमिका मात्र पार वेगळ्या देतात. ‘सगळी अंतरं वेगळी’ आणि ‘कोणतेही तीन बिंदू समद्विभुज त्रिकोण करत नाहीत’ या दोन अटी एक नाहीत. दुसऱ्या अटीत एकच अंतर दोनदा आलं तरी चालतं, फक्त त्या दोन जोड्यांत सामाईक बिंदू नको. त्यामुळे चौथं पद ४ ऐवजी १ येतं: ०, ०, १, १, ५. (एकाच रेषेवरचे तीन समान अंतरावरचे बिंदू हाही समद्विभुज धरला आहे, तो न धरल्यास तिसरं पदच ० होईल.)

अंतराच्या अटीहून सौम्य अशी आणखी एक अट म्हणजे सदिश वेगळे असण्याची: अंतर सारखं असलं तरी चालेल, पण अंतर आणि दिशा दोन्ही सारखी नकोत. कोस्टास मांडण्यांमध्ये (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एकच ठिपका असलेल्या चौकटींमध्ये) हीच अट असते. तिथे सुरुवात ०, ०, १, ० अशी होते. चौथ्या जागी ० दिसलं की बहुधा कोडमध्ये वर्ग घ्यायच्या आधीच आडवा आणि उभा फरक जोडीने साठवला गेलेला असतो.

तीन बिंदू एका रेषेत नकोत ही अट अंतराच्या अटीहून सौम्यही नाही, कडकही नाही, वेगळीच आहे. इंग्रज कोडेकार हेन्री ड्युडनीच्या कोड्यापासून ‘रेषेत तीन नकोत’ हा प्रश्न चौकटीच्या जाळीवर प्रसिद्ध आहे. क्रमिकेच्या रूपात ग्रीडी पद्धतीने तो ०, ०, १, १, ४, ३, ८, २ असा सुरू होतो. समद्विभुज अटीची आणि हिची पहिली चार पदं एकच आहेत, पाचव्याला फाटा फुटतो: तिथे ५, इथे ४. तेव्हा चार पदांवरून कोणती क्रमिका हाती आहे हे ठरवू नका. हिच्याशीच गल्लत होणारी आणखी एक: तीन समान अंतरावरच्या स्थानांवरची पदं अंकगणिती श्रेढीत नकोत. इथे फक्त मधला बिंदू बरोबर मध्यावर असलेल्या एकरेषीय त्रिकुटांना बंदी आहे. धन पूर्णांकांपासून सुरू केल्यास ती १, १, २, १, १, २, २, ४, ४ अशी जाते, तर संपूर्ण एकरेषीय बंदी १, १, २, २, ५, ४, ९, ३ अशी.

रेषेवरच्या क्रमिकेतही असा एक सापळा आहे. मियाँ-चावला अट बेरजांच्या भाषेत लिहिताना एकच पद दोनदा घेतलेली बेरीजही मोजावी लागते. ती वगळली की १, २, ३ चालतात, कारण २ हा मध्यबिंदू असल्याची दखलच घेतली जात नाही. मग यादी १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी निघते आणि फिबोनाची म्हणून टाळ्या पडतात. पुढचं पद ३४ नाही, ३० आहे.

सुरुवात ० की १, यावरून मात्र घाबरू नका. धन पूर्णांकांचा आग्रह धरला तर प्रत्येक पदात १ मिळवला जातो, बस्स: १, १, २, ५, ९, १४, ७, १९, २५. स्थानं ० पासून मोजली की १ पासून, यानेही काही बिघडत नाही. सगळे बिंदू एकत्र सरकले तर अंतरं तीच राहतात. आरंभबिंदूवरून कोन किंवा दृश्यता मोजणाऱ्या अटींना ही सूट नाही. ऋण संख्या ०, १, −१, २, −२ या क्रमाने चालत असतील तर मात्र चौथ्याच पदाला −२ येतं, ती वेगळी क्रमिका.

एकरेषीय अटीतले भागाकार

चढ काढण्यासाठी पूर्णांकी भागाकार वापरला की तिसरंच पद चुकतं: (०, ०) पासून (१, ०) चा चढ ० आणि (२, १) चा चढ अर्धा, पण पूर्णांकी भागाकारात तोही ०. म्हणून १ नाकारला जातो, यादी ०, ०, २ होते. दशांश भागाकाराने काढलेले दोन चढ थेट ताडले तर लहान संख्यांना धोका नाही, कारण समान अपूर्णांकांचा भागाकार एकाच मूल्यावर येतो. धोका चढाला परत गुणून रेषेवरचा बिंदू काढण्यात आहे: ६४ बिटांत १/४९ ला ४९ ने गुणलं तर १ मिळत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतं. त्यामुळे (०, ०) आणि (४९, १) मधून जाणारी रेषा ९८ व्या स्थानावर २ ला ‘चुकवते’ आणि प्रोग्रॅम २ ला हिरवा कंदील दाखवतो. भागाकार न करता तिरका गुणाकार करा: पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याचा आडवा फरक गुणिले तिसऱ्याचा उभा फरक, आणि उलट जोडी, दोन्ही गुणाकार समान तर तिन्ही एका रेषेत. शून्याने भागल्याची चूक कधी आलीच, तर समजा की बिंदू स्वतःशीच ताडला जातोय; इथे दोन बिंदू एकाच उभ्या रेषेवर नसतातच.

यादी खरी आहे का, हे दोनदा विचारा

प्रसिद्ध यादी हाताशी नसेल तेव्हा काय करायचं? बहुतेक जण शेवटी सगळी अंतरं पुन्हा काढून ती वेगळी आहेत का ते पाहतात. नऊ पदांना ३६ वेगळे वर्ग, शंभर पदांना ४,९५०. ही तपासणी हवीच, पण ती फक्त ढिला प्रोग्रॅम पकडते. कडक प्रोग्रॅमची यादी अट व्यवस्थित पाळते. ०, ०, १, ४, ९, १९ मध्ये सगळी अंतरं वेगळी आहेत. ०, ०, १, ४, ८, १३, १९ मध्येही. त्या फक्त ग्रीडी नाहीत.

कडकपणा पकडायला उलटा प्रश्न विचारावा लागतो: प्रत्येक पदापेक्षा लहान असलेली प्रत्येक संख्या का नाकारली? त्यासाठी साक्षीदार छापा. ‘सहावं पद १३; १२ बाद, कारण (४, ८) पासून १७; १७ आधी (४, ८) आणि (३, ४) यांनी घेतलेला.’ साक्षीदार म्हणून नेहमी प्रत्यक्ष क्रमिकेतल्या बिंदूंची जोडी मागायची, संचातला नुसता आकडा नाही. बाद उमेदवारांनी सोडलेल्या खुणांना अशी जोडी दाखवता येत नाही, आणि तिथेच तो दोष उघडा पडतो. हा तपासणीचा कोड मुख्य कोडपासून वेगळा, अगदी संथ आणि बाळबोध लिहावा. त्याला वेगाची गरज नाही, आणि मुख्य कोडमधली फंक्शनं तर त्यात मुळीच नकोत.

प्रोग्रॅम अडकला तर

ही अट असलेली ग्रीडी क्रमिका कधीच अडकत नाही. न बिंदू झाल्यावर प्रत्येक जुना बिंदू आणि प्रत्येक वापरलेलं अंतर मिळून जास्तीत जास्त दोन संख्या बाद करतात, आणि प्रत्येक जोडीचा लंबदुभाजक आणखी एक. शंभर बिंदूंनंतर बाद संख्या ९,९४,९५० पेक्षा जास्त असूच शकत नाहीत, म्हणजे शोध तेवढ्यात कधीतरी संपतोच. एकरेषीय अटीत मर्यादा अजून घट्ट आहे: न बिंदूंच्या जोड्यांइतक्याच रेषा, म्हणून पद न(न − १)/२ च्या वर जात नाही. ही मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालून ठेवा आणि ओलांडली की थांबवा.

ती ओलांडली जात असेल तर बहुधा प्रत्येक जोडी दोनदा मोजली जातेय, एकदा इकडून आणि एकदा तिकडून, त्यामुळे प्रत्येक अंतर स्वतःशीच भिडतं. नाहीतर बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर ० संचात शिरलंय.

अडकत नाही पण रेंगाळतो, असं असेल तर तपासणीचा क्रम बदलून पाहा. शेवटच्या बिंदूपासून मागे गेलं की बहुसंख्य उमेदवार पहिल्याच तुलनेत गळतात, कारण लहान अंतरं सर्वांत आधी संपलेली असतात. २४ हे पद शोधताना १३ पासून २३ पर्यंतच्या अकराही संख्या नुसत्या (७, १८) या एका बिंदूने बाद केल्या. क्रमाने उत्तर बदलत नाही. बदललं, तर संचात बाद उमेदवारांच्या खुणा अजून राहताहेत. स्मृतीचा अंदाजही आधीच घ्या: हजार पदांना ४,९९,५०० वर्ग साठवायचे, दहा हजारांना जवळपास पाच कोटी.